ज्वारीवरची विमानविरोधी तोफ

असे किस्से मी जमवत नाही. फौजी नवरा पेन्शनवर घरी आला की ते आपोआप साचतात, कोनाड्यातल्या धुळीसारखे. मी नुसती झाडून काढते.

*

आमचे मालक फौजेत विमानविरोधी तोफेवर होते. ट्रकमागं ओढून न्यायची तोफ. यंदा ज्वारीवर पाखरं उतरली, अन् रविवारी गंगाखेडहून व्याही हुरड्याला येणार. कणसं राहिली नाहीत तर पोरीच्या सासरी माझं नाक कापलं जाणार. मी गोफण काढली. मालक म्हणाले, "गोफण जुनी झाली. आता तोफ."

छकड्याची चाकं, बाजेचा सांगाडा, ट्यूबचं रबर, बसायला ट्रॅक्टरची सीट, ओढायला बैल. रबरात ढेकूळ ठेवून ताणायचं अन् सोडायचं. चाचणीत ढेकूळ सरळ वर गेलं, सरळ खाली आलं. मालक डोकं चोळत म्हणाले, "उंची बरोबर हाय."

*

वरून दिसू नये म्हणून तोफेवर कडबा अन् पाला बांधला. मेंढरावाल्या धोंडीबाच्या शेळ्यांनी तो फस्त केला. मालक खवळले. धोंडीबा म्हणाला, "मामा, मला वाटलं चाऱ्याची गाडी हाय."

*

एक ढेकूळ मारलं की मालक उतरायचे, बैल जुंपायचे अन् तोफ दुसऱ्या बांधाला न्यायचे.

"हे काय चालवलंय?"

"फायर झालं की जागा सोडायची. दुश्मनाला ठिकाण कळतं."

"दुश्मन चिमण्या हायत ओ."

"म्हणून नियम सोडायचा का?"

बैल जुंपायला अर्धा घंटा. तेवढ्यात दुश्मन जेवून घ्यायचा.

*

एकदा थवा डोक्यावर, अन् मालक सीटवर ताठ बसलेले.

"मारा की!"

"ऑर्डर न्हाई. कमांडर पायजे."

मग मीच कमांडर झाले. तशी लग्नापासून होतेच.

*

रविवारी व्याही आले. पांढरी टोपी, कडक इस्त्री. एकाच कोपऱ्यात हुरड्यापुरती कणसं उरली होती, तीबी माझ्या गोफणीनं. व्याही ती बघायला वाकले अन् नेमका तिथंच थवा उतरला. मला कणसांशिवाय काही दिसलं नाही. बेंबीच्या देठापासून ओरडले, "फायर!"

ढेकूळ सुटलं. पाखरं उडाली. टोपीबी उडाली.

व्याही हळूहळू सरळ झाले. टकलावरची माती झटकत म्हणाले, "विहीणबाई, कुणी मारलं हे?"

मी मागं वळून बघितलं. बैल त्या दिवशी आधीच जुंपलेला होता. तोफ पार पलीकडच्या बांधाला पोचली होती.

अन् माझ्या हातात गोफण.