पोडावरची पोरगी

मारेगावकडच्या एका गावात मी अंगणवाडी चालवते. माझी पाच वर्षांची लेकही तिथंच येते. गेल्या हिवाळ्यात जवळच्या पोडावरून, कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, एक लहानगी येऊ लागली. दारापाशी बसायची, खिचडी खायची, पण तोंडातून शब्द नाही. माझ्या लेकीनं तिला 'मुकी' म्हटलं आणि सगळी पोरं तेच म्हणू लागली.

घरी मी लेकीला विचारलं, तुला कोणी असं म्हटलं तर?

"पण मले तर बोलता येते," म्हणाली आणि खेळायला पळाली.

काही दिवसांनी ती मुलगी यायची बंद झाली. आठवडा गेला. माझं कशातच लक्ष लागेना. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना तिचा खाली घातलेला चेहरा दिसायचा. शेवटी रविवारी लेकीला घेऊन मी पोडावर गेले.

ती अंगणात शेळीच्या पिल्लामागं धावत होती आणि बोलत होती. सलग, मोठ्यानं, कोलामीत. मी जागच्या जागी थांबले. 'हिला बहुतेक बोलता येत नाही' असं आमच्या मदतनीस बाईंना मीच सांगितलं होतं, पोरांच्या देखत.

मी तिच्या आईशी बोलत होते तेवढ्यात पोडावरच्या पोरांनी लेकीला घेरलं. ती पोरं काहीतरी विचारत आणि हिला कळलं नाही की हसत. हिनं माझा पदर ओढून पाणी मागितलं. "तूच माग," मी म्हटलं. हे बरोबर केलं की चूक, अजून ठरत नाही. तिचे डोळे भरून आले. त्या मुलीनं तिच्याकडं पाहिलं, घरात गेली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली.

परतताना वाटेत लेकीनं विचारलं,

"आई, तिथं मी मुकी होती का?"

"नाही. त्यांले तुई बोली समजत नव्हती."

तीन दिवसांनी ती मुलगी परत आली. लेकीनं सरकून जागा दिली, दोघी न बोलता बसल्या. तेवढ्यात एक पोरगा 'मुकी' म्हणाला आणि लेकीनं त्याला असं ढकललं की तो रडायलाच लागला. तिला रागवावं की नाही, कळेना. त्या पोराला मांडीवर घेतलं, पण आता याला काय सांगायचं, हेच मनात घोळत राहिलं.