खांबाजवळची खिंड

पडदा ओढणाऱ्या माणसाला टाळ्या मिळत नाहीत. मिळाल्याच, तर समजावं की पडदा भलत्या वेळी पडला. आमच्या सुतळीला अठरा वर्षांत एकदाही टाळी मिळाली नाही, इतका तो चोख होता.

सुतळी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. अंगानं काटकुळा, खांद्यावर सदा दोराचं वेटोळं, म्हणून नाटक कंपनीत कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. विंगेत उभा राहून तो आमचे चेहरे न्याहाळायचा. तिसऱ्या अंकात आईची भूमिका करून, रडून मी आत आले की हळूच म्हणायचा, "बाई, आज नाकानं रडलात." कधी मात्र काहीच बोलायचा नाही, नुसता पाण्याचा ग्लास पुढे करायचा. तेवढ्यावरून मला कळायचं, आज खरं झालं.

थिएटर बंद पडलं आणि आम्ही सगळे पांगलो. सुतळीला विमानतळावर काम मिळालं. सुरक्षा तपासणीच्या दालनात स्टीलचे दांडे मांडायचे, त्यांना पट्टे लावायचे आणि प्रवाशांची रांग नीट चालती ठेवायची.

"दोर गेला, पट्टा आला," तो म्हणाला. "तो वर जायचा, हा आडवा जातो. बाकी माणसं तीच. सगळ्यांना वाटतं, आपल्याशिवाय खेळ सुरू होत नाही."

ते जुनं टर्मिनल होतं. दालनाच्या दारावर पाटी होती, एका वेळी दोनशे चाळीस माणसं. पण सकाळी दोन तासांत लागोपाठ चार विमानं सुटायची, तेव्हा सहाशे माणसं लोटायची, आणि बॅगा तपासायची यंत्रं दोनच. मी एकदा गमतीनं म्हटलं, "हाऊसफुल्लची पाटी लाव की." तर म्हणाला, "कशी लावणार, बाई? इथे तिकिटं आधीच विकलेली असतात."

त्यात दालनाच्या मधोमध एक जाडजूड खांब. रांग तिथे आली की फुटायची, दोन्ही बाजूंनी माणसं घुसायची, मग बाचाबाची. इंजिनियर नकाशा घेऊन आला, डोकं खाजवत राहिला. सुतळी म्हणाला, "साहेब, खांब हलत नाही ना? मग रांग हलवू." त्यानं पट्टे असे फिरवले की रांग खांबाला वळसा घालून सापासारखी पुढे सरकायची. खांबाच्या आडोशाला पट्ट्याचा एक हूक त्यानं मोकळा ठेवला. तो काढला की माणूस थेट पहिल्या यंत्रापाशी. या जागेला तो खिंड म्हणायचा. नियमात ती नव्हती. वरिष्ठांना ठाऊक होतं, पण त्या वेळी ते खांबाकडे पाठ करून उभे राहायचे.

ज्याचं खरोखर अडलंय, त्याच्यासाठी खिंड. तिकीट बघून नव्हे, चेहरा बघून. "घड्याळ काय, सगळ्यांचंच पळत असतं," तो म्हणायचा. "पण खरी निकड असलेला माणूस घड्याळ बघत नाही." आणि तासाला पाचच माणसं. "सहावा सोडला की रांगेला कळतं. रांगेला कळलं की रांग राहत नाही."

आता माझा प्रवेश. हा मी गाळला असता, पण गाळून चालणार नाही.

मी आणि माझी भावजय भाचीकडे निघालो होतो. विमानाला दीड तास होता. रांग दारापर्यंत आली होती आणि माझे गुडघे कुरकुरत होते. मी म्हटलं, "वहिनी, पैज. पाच मिनिटांत दोघी आत."

"वन्सं, गप उभ्या राहा," ती म्हणाली. "इथे कोण ओळखतंय तुम्हाला?"

तेवढं पुरे झालं मला. लोकांची माफी मागत, पट्ट्यांखालून वाकत मी खांबापाशी गेले. सुतळीनं बघितलं. "बाई, तुम्ही?" मी आधी बोललेच नाही. हनुवटी थोडी थरथरू दिली. मग म्हटलं, "भाऊ शेवटच्या घटका मोजतोय रे. वेळेवर पोचायला हवं."

माझी आई गेली ती दुपार मी त्या क्षणी आठवली होती. डोळ्यांतलं पाणी खरं होतं. भाऊ खोटा होता. वहिनी मागून माझा दंड चिमटत होती, कारण तिचा नवरा त्या वेळी घरी लुंगीवर बसून टीव्ही बघत होता.

सुतळीनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पलीकडे, रांगेत कुठेतरी. एक क्षण थांबला आणि हूक काढला. पलीकडे गेल्यावर मी वहिनीकडून पैजेची कॉफी वसूल केली. वहिनी म्हणाली, "माझ्या नवऱ्याला मारून कॉफी पिताय, थोडी साखर तरी घाला." आम्ही दोघी डोळे पुसेपर्यंत हसलो.

आठ दिवसांनी परतताना बिस्किटांचा पुडा घेऊन मुद्दाम त्याच्या कँटीनमध्ये गेले. वाटलं, हाही हसेल. हनुवटीसकट सगळा प्रसंग करून दाखवला. त्याच्या हातातला चहाचा ग्लास होता तिथेच राहिला.

"भाऊ बरा आहे म्हणजे," तो म्हणाला.

"ठणठणीत."

"चांगलं झालं. तालमीला तुमचा डबा आणायचा तो. म्हणून तर..." मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, "बाई, त्या तासाला तुम्ही दोघी चौथ्या आणि पाचव्या होतात."

मग त्यानं सांगितलं. रांगेत तीन वळणं मागे एक बाई होती, तिशीची, हातात छोटी बॅग. ना रडत होती, ना घड्याळ बघत होती. त्यानं तिला लांबूनच हेरलं होतं आणि एक जागा तिच्यासाठी धरून ठेवली होती. ती आम्ही घेतली. ती खांबाशी आली तेव्हा त्याचा हात हुकावर गेला होता. मागे रांग कुजबुजत होती. त्यानं हात काढून घेतला.

तिचं विमान सहा मिनिटांनी चुकलं. पुढचं संध्याकाळी होतं. पाळी संपवून सुतळी बाहेर पडला तेव्हा ती बाहेरच्या बाकावर बसलेली होती. वडील अत्यवस्थ होते. दुपारी चारला तिथेच तिला फोन आला.

"मी पाण्याची बाटली दिली," सुतळी म्हणाला. "ती मला थँक यू म्हणाली, बाई."

मी म्हटलं, "चूक माझी आहे."

"तुमची आहेच," तो म्हणाला. "पण सहावी सोडायला मी घाबरलो, ती माझी."

त्या आठवड्यात त्यानं तो हूक खऱ्या सुतळीनं करकचून बांधून टाकला. पुढे ज्याचं अडेल त्याला तिकिटावरची वेळ विचारायची, नियमात बसली तर अधिकाऱ्याकडे पाठवायचं, नाही तर रांग. वरिष्ठांनी शाबासकी दिली, दालनात भांडणं कमी झाली म्हणून.

काही वर्षांनी शेजारी नवं टर्मिनल उभं राहिलं. सोळा यंत्रं, ऐसपैस दालन, मधे एकही खांब नाही. जुनं बंद व्हायचं होतं, आणि सुतळी त्याच दिवशी निवृत्त. त्या शेवटच्या सकाळी मी मुद्दाम जुन्याच टर्मिनलमधून सुटणाऱ्या विमानाचं तिकीट काढलं. एका सत्काराला जायचं होतं. सत्कार बिचारे होतच असतात.

रांगेत निमूट उभी राहिले. खांबाशी पोचले तेव्हा पट्ट्यापलीकडच्या, दोन वळणं मागच्या ओळीत एक माणूस समोर आला. एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरलेलं. घड्याळाकडे लक्ष नव्हतं.

"सुतळी," मी म्हटलं, "याला सोड. याचं खरं आहे."

त्यानं त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाजात राग नव्हता. "बाई, तुम्ही सांगताय म्हणून तर सोडता येत नाही."

मी पट्ट्याखालून वाकले. गुडघ्यांनी काय काय म्हणून घेतलं ते लिहीत नाही. त्या माणसाला माझ्या जागी उभं केलं आणि त्याच्या जागी मी राहिले. जागेला जागा दिली होती, रांगेची हरकत नव्हती. माझं विमान गेलं.

दुपारी बाहेर बाकावर बसले होते. सुतळी आला, शेजारी बसला, माझ्या डाव्या हाताला, विंगेत असायचा तसा.

"पोचला का तो?"

"यंत्रापर्यंत तरी. पुढचं कोण जाणे."

"त्या बाईचं नाव मी विचारलं नव्हतं," तो म्हणाला. "बाक हाच."

मला रडू आलं. पुष्कळ वेळ आलं. रुमाल सापडेना. मग मी विचारलं, आमच्या जुन्या सवयीनं, "सांग बरं, आज नाकानं की खरं?"

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खूप वेळ, मन लावून, पूर्वी बघायचा तसा.

"नाही सांगता येत, बाई," तो म्हणाला. "त्या दिवसापासून नाहीच येत."

आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.