सत्त्याण्णव गुणांचा तुकडा

वहिनींनी टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढली. आधी ट्रंक कॉल जोडून देणं आणि पुढे चौकशीच्या टेबलावर बसणं. कानाला हेडफोन, समोर रजिस्टर आणि पलीकडून घाईत असलेलं कोणीतरी. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्यांना घर फार शांत वाटलं. नवरा गेल्याला तोवर चार वर्षं झाली होती, मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात. वहिनी वरच्या मजल्यावर राहत, खाली धाकटा दीर आणि जाऊ. दीर वहिनी म्हणतात म्हणून सगळी गल्लीच त्यांना वहिनी म्हणते.

दिरांना लोक मशीनवाले म्हणतात. खालची पुढची खोली म्हणजे त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. माणूस तसा घुमा. जाऊ म्हणायची, "माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलतील, मशीनशी दोन तास." यात अतिशयोक्ती नव्हती. टेबलावरच्या दिव्याच्या दांड्याला मोबाइल बांधून ते रोजच्या कामाचा व्हिडिओ काढत आणि जसाच्या तसा इंटरनेटवर चढवत. धागा का तुटतो, टाका खालून सैल का पडतो, चाक जड का जातं, सगळं त्यात होतं. एकेक व्हिडिओ दीड-दोन तासांचा. बघणारे एकशे बेचाळीस, त्यातले निम्मे नात्यातले, आणि नात्यातलेही पहिल्या पाच मिनिटांत निसटणारे.

एकदा मुलगी सुट्टीला आली तेव्हा म्हणाली, "आई, काकांकडे सोनं आहे गं, पण दोन तास खणायला कोणाला वेळ आहे? लोक मिनिटभराचं बघतात. आता एआय हे काम करतं. तू नुसता व्हिडिओ टाकायचा, ते त्यातले चांगले तुकडे शोधतं, मोबाइलवर मावतील असे उभे करून देतं, खाली अक्षरंही लिहितं."

"आणि मी काय करायचं?"

"तू बघायचं आणि पाठवायचं. तुझा वेळ जात नाही म्हणतेस ना?"

मुलीने लॅपटॉपवर सगळं लावून दिलं आणि ती गेली. वहिनींनी दुसऱ्याच दिवशी पहिला व्हिडिओ टाकला. चहा होईपर्यंत बारा तुकडे तयार. प्रत्येकाच्या डोक्यावर शंभरपैकी गुण, शाळेच्या पेपरासारखे.

पहिल्या आठवड्यात घरात नुसती करमणूक झाली. एआय "धागा" ऐकायचं आणि "दगा" लिहायचं. त्यामुळे मशीनवाले गंभीर आवाजात सांगत असत आणि खाली अक्षरं येत, "दगा नेहमी डावीकडून घ्यावा." पण खरी कमाल पुढेच होती. हे यंत्र बोलणाऱ्याचा चेहरा शोधून तेवढाच भाग ठेवत असे. मशीनवाल्यांचा चेहरा व्हिडिओत कधी नसेच, फक्त हात. मागच्या भिंतीवर मात्र वडिलांचा हार घातलेला फोटो. एआयने तोच पकडला. आठ तुकड्यांत कै. सासरे डोळे रोखून शिलाई मशीनला तेल कसं घालावं ते सांगत होते.

जाऊ हसून हसून खाली बसली. "मामंजींनी उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नाही, आणि आता बघा."

मशीनवाल्यांनी फोटो बाजूच्या भिंतीवर हलवला. वहिनींनी अक्षरं दुरुस्त करायला, चौकट हाताने सरकवायला शिकून घेतलं. मग गाडी रुळावर आली. टाका सैल पडण्याचा चाळीस सेकंदांचा एक तुकडा नऊ हजार जणांनी बघितला. लोक दुकानात यायला लागले, फोन यायला लागले, आणि फोन घ्यायला वहिनींइतकं तयार माणूस गल्लीत दुसरं कोण असणार. "बोला, आपली मशीन कोणती? आवाज कसा येतोय? जरा फोन जवळ धरून चाक फिरवा." मशीनवाले कामातून मान वर करून नुसते ऐकत आणि बोटाने खूण करत.

अशात तो तुकडा निघाला. गुण सत्त्याण्णव. इतके गुण याआधी कशालाच मिळाले नव्हते. त्यात एक जुनी काळी हातमशीन, तिचं खडखडणारं चाक आणि मशीनवाल्यांचा आवाज, "ही मशीन फेकून द्या. हिच्यात आता काही राहिलेलं नाही. सरळ भंगारात द्या आणि मोकळे व्हा."

वहिनी तेव्हा भाजी चिरत होत्या. सुरी खाली ठेवून त्यांनी पाहिलं. हात चौकटीत आहेत, धाग्याचा दगा झालेला नाही, अक्षरं ठीक आहेत. दिला पाठवून.

तीन दिवसांत दोन लाख लोकांनी तो बघितला. जाऊने भावाला, भाचीला, शाळेतल्या मैत्रिणींना कळवलं. मशीनवाल्यांनी बघितला नाही. "माझाच आवाज मी काय ऐकत बसू," एवढंच म्हणाले.

चौथ्या दिवशी सकाळी दुकानात एक बाई आल्या. साठीच्या, नीटनेटक्या, गळ्यात मोजमापाची टेप तशीच राहून गेलेली. घरी शिवणकाम करत, म्हणून इथे त्यांना टेलरबाईच म्हणू. त्यांनी मूठ उघडली. आत एक बॉबिनची डबी होती.

"एवढीच राहिली," त्या म्हणाल्या. "ड्रॉवरमध्ये होती. मशीन परवा भंगारवाल्याला देऊन टाकली, तुमचं ऐकून. आईची होती. तुमच्या व्हिडिओतल्यासारखाच आवाज करत होती. तक्रार करायला नाही आले. पण मनाला लागून राहिलंय, म्हणून विचारते. खरंच काही होण्यासारखं नव्हतं का?"

मशीनवाले गोंधळले. "बाई, मी असं कोणाला सांगितलंच नाही. हातमशीन मी आजपर्यंत एकही टाकायला लावलेली नाही."

बाईंनी मोबाइल पुढे केला. मशीनवाल्यांनी स्वतःचा आवाज एकदा ऐकला, पुन्हा ऐकला. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. त्या तशाच वर गेल्या, हेडफोन लावला आणि मूळ व्हिडिओ काढला. व्हिडिओत एक तास दहा मिनिटांवर ते वाक्य सापडलं. मशीनवाले कोण्या दुकानदाराची नक्कल करत होते. "नवीन मशीन विकणारे तुम्हाला काय सांगतात? ही मशीन फेकून द्या. हिच्यात आता काही राहिलेलं नाही. सरळ भंगारात द्या आणि मोकळे व्हा. असं कोणी म्हटलं की त्याला नमस्कार करा आणि मशीन माझ्याकडे आणा. पन्नास वर्षांच्या मशीनला दोन थेंब तेल आणि एक स्क्रू पुरतो."

एआयने आधीचं कापलं होतं, नंतरचंही कापलं होतं. मधला जो भाग सर्वांत ठसकेबाज, तेवढा ठेवला होता. पण वहिनींना एआयवर राग काढता येईना. टेलिफोनच्या टेबलावर आलेला नंबर परत वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी पुढे दिला नव्हता, आणि इथे दिरांचं बोलणं दोन लाख लोकांना भाजी चिरता चिरता देऊन टाकलं होतं.

तुकडा काढून टाकून त्या खाली आल्या. "भाऊजी, चूक माझी आहे. तुमचं वाक्य अर्धंच गेलं. मी पूर्ण ऐकलं नाही." मग टेलरबाईंकडे वळल्या. "तुमची मशीन माझ्यामुळे गेली."

मशीनवाल्यांचा चेहरा उतरला होता, पण त्यांनी वहिनींना दोष दिला नाही. बाईंनाच विचारलं, "भंगारवाला कुठला?"

"पुलाखालचा."

"चला. वहिनी, तुम्हीही चला."

तिघं मशीनवाल्यांच्या लहानशा व्हॅनमधून निघाले. मागे हत्यारं खणखणत होती. भंगारवाल्याच्या आवारात लोखंडाचा ढीग पत्र्याच्या छपराला टेकला होता. तो जेवायच्या तयारीत होता. विचारल्यावर म्हणाला, "शिलाई मशीन? या आठवड्यात मशीनच मशीन आल्यात. कुठलातरी व्हिडिओ बघून लोक आणून देतायत म्हणे. उद्या ट्रक येणार, सगळं जाणार."

वहिनी ढिगाभोवती फिरून शोधायला लागल्या.

"किती आल्यात?" मशीनवाल्यांनी विचारलं.

"तीन. तिकडे कूलरच्या मागे."

टेलरबाईंनी आपली लांबूनच ओळखली. लाकडी पाटाला आईने चिकटवलेली मोजमापाची कागदी टेप अजून तशीच होती, अर्धी झिजलेली. पाटाचा एक कोपरा फुटला होता, पण मशीन शाबूत होती. बाई तिच्याजवळ बसल्या आणि पदराने चाक पुसायला लागल्या.

"बाकीच्या दोन पण काढा," वहिनी म्हणाल्या.

"त्या कोणाच्या आहेत?" भंगारवाल्याने विचारलं.

"आत्ता ठाऊक नाही. पण आमच्यामुळे आल्यात."

भंगारवाल्याने तिघांकडे आळीपाळीने बघितलं, मग मशीनवाल्यांच्या हातांकडे. "अरे, व्हिडिओतले तुम्हीच काय? हातावरून ओळखलं." आणि जेवण बाजूला ठेवून स्वतःच कूलर हलवायला उठला.

टेलरबाईंची मशीन दुसऱ्या दिवशी दुपारी चालू झाली. शटलच्या खाचेत दोऱ्याचा गुंता अडकून चेपला होता, बाकी काही नाही. मशीनवाल्यांनी पाटाचा कोपरा नवीन लाकडाने भरून दिला, टेपला मात्र हात लावला नाही. बाईंनी पहिला टाका घातला, कापड उलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "आईच्या हातचा असाच पडायचा." डोळे पुसता पुसता हसल्याही.

त्याच संध्याकाळी वहिनी पहिल्यांदा स्वतः मोबाइलसमोर बसल्या. झालं ते सरळ सांगितलं, पूर्ण वाक्य ऐकवलं, दोन मशीन आमच्याकडे सुखरूप आहेत, ओळख पटवून न्या, असंही सांगितलं. एआयने याला एकतीस गुण दिले. बघितला सहा हजार लोकांनी. दोन लाखांपुढे सहा हजार, हे वहिनींना कळत होतं. म्हणून त्यांनी दुसरं काम काढलं. काढून टाकलेल्या तुकड्याखाली ज्यांनी ज्यांनी काही लिहिलं होतं, त्यांची यादी मुलीने तेव्हा आलेल्या सूचनांमधून त्यांना मिळवून दिली. आठशेच्या वर माणसं. वहिनी रोज सकाळी बसायच्या आणि एकेकाला लिहायच्या, "मशीन देऊ नका. ते वाक्य अर्धं होतं." अकरा दिवस लागले. मुलगी म्हणाली, "आई, सगळ्यांना एकच मजकूर एका झटक्यात पाठवता येतो." वहिनी म्हणाल्या, "येत असेल. पण उत्तरं वेगवेगळी येतायत."

आणि खरंच येत होती. कोणी मशीन माळ्यावरून उतरवली होती, कोणी आवाज रेकॉर्ड करून पाठवत होतं, कोणी नुसतंच आपल्या आजीबद्दल लिहीत होतं. उरलेल्या दोनपैकी एक मशीन आठवड्याभरात एक निवृत्त पोस्टमन येऊन घेऊन गेला. बायकोला न विचारता दिली होती म्हणे, आणि तेव्हापासून घरात त्याच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. दुसरीचा मालक अजून आलेला नाही. तिला तेलपाणी करून वर वहिनींच्या खिडकीजवळ ठेवली आहे. टेलरबाई बुधवारी येतात आणि वहिनींना शिवायला शिकवतात. सरळ शिवण अजून सरळ येत नाही. जाऊने त्यातलं एक उशीचं कव्हर मागून घेतलं आणि मुद्दाम पुढच्या खोलीत, आल्यागेल्याच्या नजरेस पडेल असं ठेवलं.

एआय वहिनींनी सोडलेलं नाही. अक्षरं तेच लिहितं, चौकट तेच लावतं, आणि लावावी तशी लावतं हे त्या मान्य करतात. फक्त तुकडे निवडायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. सकाळी दहा ते बारा हेडफोन लावून दिरांचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, वहीत वेळ टिपायची, वाक्य जिथे सुरू होतं तिथून घ्यायचं आणि जिथे संपतं तिथे सोडायचं. दोन वाजले की खालून मशीनवाल्यांची हाक येते, "वहिनी, कालचं कसं झालं?"

"चांगलं झालं. पण सुई बदलायचं सांगताना तुम्ही फार भरभर बोललात, भाऊजी. उद्या परत सांगा."

आणि ते परत सांगतात.