उजवीकडं वाकणारी रेघ

खंडेराव पेंटरचा हात एकेकाळी औरंगपुऱ्यात नावाजलेला होता. दुकानदार पाटी रंगवायला बोलवायचे आणि गिऱ्हाईक सोडून त्याच्या मागं उभं राहून बघत बसायचे. अक्षरं लिहून झाली की सगळ्यात शेवटी तो त्यांच्या डोक्यावरची आडवी रेघ ओढायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एका दमात, पट्टी न लावता. ही रेघ त्याला गफूर उस्तादांनी शिकवली होती. "अक्षर कैसा भी रहो, लकीर सीधी होना," असं ते म्हणायचे. पुढं त्याच उस्तादांचा हात थरथरायला लागला. आधी त्यांनी रेघ सोडली, मग अक्षरं सोडली आणि शेवटी शेवटी ते पाटीचा नुसता पांढरा रंग भरत बसायचे. खंडेरावानं हे जवळून पाहिलं होतं. आयुष्यात त्याला खरी भीती वाटत असेल तर तेवढ्या एकाच गोष्टीची.

मग फ्लेक्स आला आणि पेंटर लोकांचं दुकान उठलं. शहराचं नाव बदललं तेव्हा गावभरच्या पाट्या बदलतील आणि आपल्याला बोलावणं येईल, अशी त्याला भारी आशा लागली होती. पाट्या बदलल्या, पण फ्लेक्सवाल्यांनी. बायको चिकलठाण्याला एका कंपनीत पॅकिंगला जात होती म्हणून मुकुंदवाडीतलं घर चालत होतं. मेहुण्यानं वॉचमनची एक जागा बघून ठेवली होती आणि दर रविवारी येऊन तो तिची आठवण करून द्यायचा. मेहुणे असल्या कामात फार तत्पर असतात.

अशात पुण्याहून श्रेया नावाच्या बाईंचा फोन आला. पुस्तकांच्या मुखपृष्ठांसाठी त्या हातानं लिहिलेली अक्षरं करून घ्यायच्या. जुन्या शहरात खंडेरावाची एक पाटी त्यांनी पाहिली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव जडला होता. काम भरपूर होतं, मात्र ते कॉम्प्युटरवर हवं होतं. "दसरा झाला की शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉल करू, तुम्ही लिहिताना मला बघायचंय," असं त्या म्हणाल्या.

औरंगपुऱ्यात जुने कॉम्प्युटर विकणाऱ्या कृष्णाकडून खंडेरावानं एक लॅपटॉप आणला. दिसायला ओबडधोबड आणि पाट्यावरवंट्यासारखा जड, पण त्याच्या पडद्याला फिरणारी मान होती. पडदा गर्रकन फिरवून कीबोर्डवर निजवला की त्याची पाटी व्हायची आणि तिच्यावर पेननं लिहिता यायचं. बॅटरी मेलेली, त्यामुळं वायर कायम भिंतीत. पहिल्या दिवशी पेन एकीकडं टेकवला तर रेघ बोटभर दुसरीकडं उमटली. कृष्णानं कुठून तरी जुनं सॉफ्टवेअर शोधून टाकलं, पडद्याच्या कोपऱ्यांतल्या फुल्यांवर पेन टेकवायला लावला आणि रेघ पेनाखाली आली. तळहात टेकला की भलतंच काही उघडायचं, म्हणून बोटाचा स्पर्शही बंद करून दिला. खंडेरावानं घरी येऊन पडदा निजवला, 'श्री' लिहिलं, वरची रेघ ओढली. सरळ आली. त्या दिवशी तो मेहुण्याशीसुद्धा गोड बोलला.

खंडेनवमीला त्याच्या आईनं, आक्काबाईनं, हत्यारं मांडली. तिचं आयुष्य गंगापूरकडं मेंढरांमागं गेलेलं. कातर, काठी, घोंगडी सगळ्यांची पूजा तिनं जन्मभर केली होती, आणि इथं मुकुंदवाडीत ब्रशांची करत होती. या वर्षी ब्रशांच्या शेजारी लॅपटॉपही बसला. त्याला हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल मिळालं. जेजुरीहून आणलेली, फ्रीजवर लावायची खंडोबाची पत्र्याची तसबीर म्हातारीनं चिकटपट्टीनं कीबोर्डच्या अलीकडं, उजवा हात टेकतो त्या रिकाम्या जागेवर पक्की बसवून टाकली.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी रेघ वाकली.

नीट जाता जाता उजव्या टोकाजवळ ती अशी फुगायची, जणू खाली खडा आला. खंडेरावानं पुसून पुन्हा ओढली, पुन्हा फुगली. श्वास रोखून ओढली, भरभर ओढली, कोपर टेकवून ओढली. टोकाजवळ आली की रेघ हललीच. उस्तादांचंही असंच झालं होतं. हात लांब गेला की आधी शेवटाला हलायचा.

तो मशीन घेऊन कृष्णाकडं गेला. कृष्णानं लॅपटॉप उघडला, तसबिरीला बोट लावून ते कपाळाला लावलं आणि पडदा उभा ठेवूनच पेननं दोनचार रेघा मारल्या. सगळ्या सरळ.

"मशीन एक नंबर हाय, खंडूभाऊ," तो म्हणाला. "तुमचा हात जरा हालत असंल. वयानं व्हतं."

कृष्णा हे बोलून चहा प्यायला लागला. बोलणाऱ्याचं काय जातं! खंडेराव मात्र घरी कसा आला हे त्याला आठवत नव्हतं. खरंखोटं करायचा सरळ मार्ग होता: ब्रश घ्यायचा आणि भिंतीवर एक रेघ ओढायची. तेवढं करायचं धाडस त्याला झालं नाही. पडद्यावर वाकली तर मशीनला दोष देता येत होता. भिंतीवर वाकली तर कुणाला देणार? ब्रशांचा डबा त्यानं कपाटावर ठेवून दिला आणि तिकडं बघणंही टाळलं.

शनिवार उजाडला. बायको कामावर गेली. कॉलला थोडाच वेळ उरला होता आणि खंडेराव सकाळपासून रेघा ओढून पुसत होता. तळहाताला घाम सुटला होता. घामानं पेन निसटला, तो उचलताना वायरला हिसका बसून प्लग निघाला आणि मशीन विझलं. त्याच्या तोंडून नको ती शिवी गेली. हिसक्यानं तिथलं सॉकेट ढिलं झालं होतं आणि पलीकडच्या भिंतीतल्या सॉकेटला वायर पुरेना, म्हणून त्यानं मशीन उलटं फिरवून ठेवलं. सुरू झाल्यावर चित्र डोक्यावर उभं होतं. कडेचं बटण दाबून ते सुलटं केलं आणि त्यानं पुन्हा रेघ ओढली.

रेघ डावीकडं फुगली. उजवं टोक सरळ होतं.

त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा डावीकडं, सुरुवातीलाच. हात हलत असता तर तो उजवीकडं, लांब गेल्यावर हलला असता. मशीन फिरवलं आणि खोड मशीनबरोबर फिरली. म्हणजे जे काय होतं ते त्या जागी होतं. तो वाकून कडेनं बघायला लागला. पडदा त्या कोपऱ्यात किंचित उचललेला होता. जुनं मशीन, मानेतून वाकलं असेल, असं समजून त्यानं इतके दिवस तिकडं लक्षच दिलं नव्हतं. त्यानं पडदा उचलला. बरोबर त्या जागेखाली खंडोबा घोड्यावर बसला होता आणि त्याच्या पाठीला जाड चुंबक होता.

त्यानं नखानं पट्टी सोडवली, तसबीर बाजूला ठेवली, पडदा निजवला आणि रेघ ओढली. सरळ. पुन्हा सरळ. त्याला मोठ्यानं हसू आलं.

"देव कामून काढला रे?" दारातून आक्काबाई म्हणाली.

"माय, ह्याच्या मागं चुंबक हाय. त्यानं पेनाची रेघ वढली जात व्हती. मला वाटलं माझा हातच गेला!"

म्हातारी हसली नाही. ती आत येऊन खाली बसली.

"तुह्या हातासाठीच लावला व्हता त्यो," ती म्हणाली. "खंडेनवमीला तळी भरताना दिवटी तुह्या हातात व्हती. जोत लई हालत व्हती, खंडू. वारं नव्हतं."

खंडेरावाचं हसू जागच्या जागी थिजलं. कळपातली लंगडणारी मेंढी या बाईला लांबून, नुसत्या पाठीवरून कळायची. तिच्या नजरेला खोटं कसं म्हणणार?

"उपास व्हते माय," तो चिडून म्हणाला. "नऊ दिस उपाशी माणसाचा हात हालणार नाय तर काय?"

"असंल."

"असंल म्हंजे?"

"मंग बरूशनं वढ की रेघ. दसरा झाल्यापासून डब्याला हात लावला नाय तू. मला काय दिसत नाय व्हय?"

तो उठला. कपाटावरून डबा काढताना झाकण त्याच्या हातात खडखडलं आणि ते दोघांनीही ऐकलं. निळ्या रंगात ब्रश बुडवून त्यानं तो काठावर निथळवला. मागच्या खोलीची भिंत कोरी होती. खिडकीच्या चौकटीजवळ त्यानं ब्रश टेकवला आणि श्वास सोडत ओढायला लागला. डोळे रेघेवर नव्हते, ती जिथं पोचायची होती तिथं होते. उस्तादांनी तसंच शिकवलं होतं. ब्रश दाराच्या चौकटीला लागला तेव्हा रेघ संपल्याचं त्याला कळलं, आणि मागं वळून बघायला त्याला जरा वेळ लागला.

रेघ सरळ होती. शेवटी जराशी जाड झाली होती, पण ते रंग जास्त घेतल्यामुळं. एवढं कुठल्याही पेंटरला कळतं.

"माय, सरळ हाय," तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर पडत होती आणि ती आईसमोर पडली याची त्याला लाज वाटली नाही.

आक्काबाईनं भिंतीशी जाऊन डोळे बारीक करून रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग तसबीर उचलून रंगाच्या डब्याला लावली. ती पत्र्याला चटकन चिकटली.

"हितं चालंल का देवाला?" तिनं विचारलं.

"हितं चालंल."

बाहेरच्या खोलीत लॅपटॉप वाजायला लागला. पुण्याचा कॉल होता. खंडेरावानं बाहीनं तोंड पुसलं आणि पेन उचलला.