कौन्सिलचं जेवण

ग्लेंडा पिकल्स या बाईंचं आडनाव म्हणजे चक्क लोणची, आणि बाईही तशाच मुरलेल्या. यॉर्कशायरमधल्या मूरबॉटम वसाहतीत, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, भाड्याच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि एकदाही भाडं थकवलं नाही. दर सोमवारी पोस्टाच्या खिडकीवर भाड्याचं कार्ड सरकवायचं, अठ्ठ्याहत्तर पाउंड भरायचे आणि पावती वाचत घरी यायचं. त्या रकमेत जिन्याची झाडलोट, जिन्यातले दिवे, हिरवळीची कापणी सगळं आलं. "मी तळमजल्यावर राहते, मला जिन्यातले दिवे कशाला?" हे भांडण त्या दर वर्षी नव्या दमाने उकरून काढत आणि दर वर्षी हरत.

पण नाताळात कौन्सिलचे सगळे गुन्हे माफ. कारण नाताळाचे दोन आठवडे भाडं नसे. सगळी वसाहत त्यांना 'फुकटचे आठवडे' म्हणे. हातात राहिलेले एकशे छप्पन्न पाउंड ग्लेंडाबाई टर्की, पुडिंग आणि शेरीच्या बाटलीवर उडवत आणि इमारतीतल्या एकट्यादुकट्यांना जेवू घालत. "माझे आभार मानू नका हं, हे कौन्सिलचं जेवण," असं बजावत. जानेवारीत भाडे-कचेरीला आभाराचं कार्डही धाडत.

या जेवणाला दुसऱ्या मजल्यावरचा अर्नोल्ड स्पाइट टाय लावून येई. बस चालवून निवृत्त झालेला माणूस. सहा वर्षांपूर्वी बायको, जीन, गेली आणि तेव्हापासून हा कोणाची वाटीभर साखरसुद्धा घेईना. सख्ख्या बहिणीने बोलावलं तर याचा गुडघा दुखे. ग्लेंडाबाईंकडे मात्र बिनदिक्कत ताट पुढे करी. "कौन्सिलचं ना? मग वाढ. जन्मभर भरलंय त्यांना." वर्षातून तो एक दिवस अर्नोल्ड चार माणसांत बसून पोटभर जेवे. हल्ली ग्लेंडाबाईंचा सगळा खटाटोप खरं तर त्या एका ताटासाठी होता, पण हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये पत्र आलं. एप्रिलपासून भाडं पंच्याहत्तर पाउंड. बाई खूश! पान उलटलं तर खाली लिहिलेलं: यापुढे बावन्नही आठवडे भाडं लागू. बाईंनी टोपी चढवली आणि तडक कचेरी गाठली.

खिडकीत कारकून नसरीन होती. तिच्या मागच्या फळीवर ग्लेंडाबाईंची आभाराची कार्डं ओळीने लावलेली.

"पोरी, माझे आठवडे कोणी खाल्ले?"

"कोणी नाही हो, मिसेस पिकल्स. हे बघा." नसरीनने कागदावर मांडलं. अठ्ठ्याहत्तर गुणिले पन्नास, तीन हजार नऊशे. पंच्याहत्तर गुणिले बावन्न, तीन हजार नऊशे. "वर्षाचं भाडं तेच. आधी पन्नास आठवड्यांत जास्त घेऊन ठेवायचो, एवढंच."

बाईंनी चष्मा पुसून आकडे दोनदा वाचले. "म्हणजे टर्की कोणाची होती?"

"तुमची."

"पुडिंग?"

"तेही तुमचंच."

"आणि मी एकतीस वर्षं तुम्हाला कार्डं पाठवतेय! निदान तिकिटांचे पैसे तरी परत करा!"

नसरीनला हसू आवरेना. बाईंना मात्र एकाएकी धसकाच बसला. जेवण आपल्या पैशाचं म्हटल्यावर अर्नोल्ड उंबरा ओलांडणार नाही. त्याचा गुडघा दुखणार.

"मी अठ्ठ्याहत्तरच भरत राहिले तर?"

"भरा की. जास्तीचे साठत जातील. नाताळात दोन आठवडे काही भरू नका, कमी पडेल ते मार्चपर्यंत भरून निघेल."

"आणि हे कोणाला कळणार नाही?"

"माझ्याकडून नाही. पण मिसेस पिकल्स, पत्र सगळ्या वसाहतीला गेलंय."

बाई तिथून निघाल्या त्या थेट अर्नोल्डच्या दारात. दोन जिने चढून धाप लागलेली.

"अगं, आग लागली का कुठे?" अर्नोल्डने दार उघडलं.

"नाही. नाताळाचं आमंत्रण द्यायला आले."

"मार्चमध्ये?"

"तुझा काही भरवसा नाही, आत्ताच वेळ धरून ठेवते." त्यांनी श्वास घेतला. "कौन्सिलचं पत्रबित्र आलं का रे तुला?"

"त्यांची पत्रं उघडतंय कोण!"

बाईंचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून त्यांना टेबल दिसलं. चहाच्या कपाखाली तेच पत्र उघडं पडलं होतं आणि पाकिटावर अर्नोल्डच्या ठळक अक्षरात गुणाकार मांडलेले होते. अठ्ठ्याहत्तर गुणिले पन्नास. पंच्याहत्तर गुणिले बावन्न. दोन्ही उत्तरांखाली रेघ.

अर्नोल्डने त्यांची नजर कुठे गेली ते पाहिलं. हळूच सरकून तो त्यांच्या आणि टेबलाच्या मधे उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"फुकटचे आठवडे आहेत ना यंदा?" त्याने विचारलं.

"आहेत तर," ग्लेंडाबाई म्हणाल्या. "न असायला काय झालं?"

"मग येतो." तो दार लोटता लोटता म्हणाला, "आणि कौन्सिलला म्हणावं, बटाटे दर वर्षी जरा कच्चे राहतात."