फडक्याआडचं बाळ

शोभावहिनी गेली तेव्हा मी कळंबला, सासरी, बराखीत साठवलेला कांदा निवडत होते. दादाचा फोन आला. "शोभा गेली गं. केंद्रावरच छातीत दुखाया लागलं..." आंबेगाव तालुक्याच्या पार पश्चिमेला, डोंगरात बदली केली होती तिची, तिथंच गेली. बदली कसली, शिक्षाच ती! कुणाला राग येवो नाहीतर न येवो, मी शिक्षाच म्हणणार.

वहिनी माझ्या माहेरच्या गावात नर्स होती. सासरच्याच गावात नोकरी म्हणजे दुहेरी सासुरवास. लसीच्या दिवशी अंगणवाडीत समोर बाळ घेऊन बसलेली बाई कुणीतरी चुलत सासू नाहीतर आतेसासू निघायची. त्या दिवशी कांद्याची लागण चालली होती. मोठ्या काकूच्या दोन्ही सुना रानात. दोघींची बाळं एकाच महिन्यातली, काकूनंच एकेक करून आणली. पहिल्याला टोचून झालं, ते घरी ठेवून ती दुसरं घेऊन आली. अंगावर दुपटं, तोंडावर फडकं. वहिनी म्हणाली, "काकू, तोंड बघू द्या जरा."

"नगं गं, लई माणसं हायेत, दिष्ट लागंल. माझी नातवंडं मला वळखू येत न्हाईत व्हय?"

आता सुनेनं सासूला चारचौघांत आणखी काय म्हणायचं? तिनं दुपट्यातनं दिसली तेवढ्या मांडीवर टोचलं. संध्याकाळी कळलं. एक बाळ तापानं फणफणलेलं, त्याच्याच दोन्ही मांड्यांवर टोचल्याच्या खुणा. दुसऱ्याच्या अंगावर एकही नाही. काकूनं घाईत त्याच झोळीतलं बाळ पुन्हा उचललं होतं. ताप उतरेपर्यंत वहिनी त्याच्या उशाशी बसून राहिली. देवाच्या दयेनं बाळाला काही झालं नाही, आता ते अंगणात कोंबड्यांमागं पळतंय.

नुकतंच आरोग्य खात्याच्या साहेबांनी बैठकीत नवं धोरण वाचून दाखवलं होतं... लस देताना चूक झाली तर लपवू नका, कळवा, शिक्षा होणार नाही. वहिनीनं ते खरं मानलं! दादा म्हणाला, "गप बस, कुणाला कळतंय?" तर म्हणाली, "मी सांगितलं तर उद्या दुसरी कुणी तोंड बघून टोचंल." आणि जाऊन सांगितलं. चौकशीला साहेब घरी आले तेव्हा काकू पदर तोंडाला लावून म्हणाली, "म्या दोन्ही बाळं संगंच नेली व्हती. नर्सबाईनं बघाया नको?" नर्सबाई! वहिनीनं सासूला खोटं पाडलं नाही. थोड्याच दिवसांत बदलीचा कागद आला. तेच साहेब तिच्या दशक्रियेला येऊन 'कर्तव्यनिष्ठ भगिनी' म्हणून भाषण ठोकून गेले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

परवा माहेरी गेले, तर अंगणवाडीत लसीचाच दिवस. काकू धाकट्या सुनेचं नवं बाळ मांडीवर घेऊन बसलेली. नव्या नर्सनं सुई भरली, तशी काकूनं कुणी न सांगता बाळाच्या तोंडावरचं फडकं काढलं.

"राहू द्या आजी, ऊन आहे."

"न्हाई बाई, तोंड बघूनच टोच. आमची सून तसंच सांगायची."

आमची सून... मी म्हणाले, "काकू, हे तवा साहेबांना सांगायचं व्हतं."

नर्सनं सुई टोचली. काकू बाळाच्या मांडीवर कापूस दाबून बसली.