आप्पांच्या बागेतलं माझं झाड

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दौंडला शिरूरच्या एसटीची वाट बघत उभा होतो. गाडी आली, गेली, मी तिथंच. आप्पा म्हणजे आमच्या शिरूरच्या कॉलेजातल्या वनस्पती उद्यानाचे माळी, वडगाव रासाईचे. रिटायर झाले तरी रोज सकाळी हजर. पिकलं पान, झोपेत सुखानं गेले, त्यामुळं रडू आलं नाही.

या बागेचा इतिहास कुठल्या कागदावर नाही. आधी तिथं नुसतं मुरमाड रान होतं. आप्पांनी पोरांनाच सांगितलं, आपापल्या बांधावरचं एकेक रोप आणा. अट एकच, ज्यानं आणलं त्यानंच खड्डा घ्यायचा आणि वर्षभर पाणीही त्यानंच घालायचं. मग झाडाला त्या पोराचंच नाव पडायचं. मी नवा प्राध्यापक, शास्त्रीय नावांच्या पाट्या लावत हिंडायचो, आणि माझ्या पाठीमागं आप्पा मुलांना बजावायचे, "ह्यो कारेगावचा संतोष हाय. साल काढू नका त्याची." व्हायचं तेच झालं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अर्जुनाचं पान दाखवून नाव विचारलं, तर पोरगी बिनदिक्कत म्हणाली, "कारेगावचा संतोष!" मी लाजेनं अर्धा झालो. जाऊन आप्पांवर चिडलो, तर ते हसतच सुटले.

पुढं एका वर्षी टू-व्हीलर पार्किंगसाठी निम्मी बाग काढायचं ठरलं. त्या कागदावर विभागप्रमुख म्हणून माझी सही होती. खोटं कशाला बोलू, फारसा विचारही केला नव्हता मी. आप्पांनी वाद घातला नाही, अर्ज दिला नाही; नुसते फोन केले. सोमवारी जेसीबी आला तेव्हा बागेत तीसेक माणसं आपापल्या झाडाखाली बसलेली. बहुतेक शेतकरी, लेकरू कडेवर घेतलेली एक बाई, आणि रांजणगावची फर्स्ट शिफ्ट बुडवून कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच आलेला संतोष. प्राचार्यांनी विचारलं, तुम्ही कोण? "हे झाड माझं हाय, सर. वर्षभर पाणी म्या घातलंय," तो म्हणाला. पार्किंग जिमखान्यामागं गेलं.

त्या दिवशी आप्पांसमोर जायचं मला धाडस होईना. तेच चहा घेऊन आले. "वाईट वाटून घेऊ नका, सर. तुमचं झाड न्हाई ना बागंत, म्हणून सही झाली. आणा की एखादं." आणतो म्हटलं, आणि आज-उद्या करत वर्षं घालवली! ते दर पावसाळ्यात आठवण करून द्यायचे, मी दर पावसाळ्यात हसून वेळ मारून न्यायचो. याची मात्र आज लाज वाटते.

दशक्रियेनंतर राहवलं नाही. दौंडच्या घरामागचं भोकराचं रोप एसटीत मांडीवर धरून नेलं. खड्डा मीच घेतला. कंबर धरली, पोरं मदतीला धावली, त्यांना हाकलून लावलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

परवा नव्या प्राचार्यांनी पार्किंगचा कागद पुन्हा पुढं केला. गाड्या वाढल्यात, त्यांचंही चुकत नाही. मी सही न करता तो परत दिला.

"सर, मागच्या वेळी तर तुमची सही होती!"

"तेव्हा तिथं माझं काही नव्हतं," मी म्हणालो, आणि बादली भरायला उठलो.